बिनभाताची लावणी

पासलीच्या रत्नाला डॉक्टरांनी नापास केलं तेव्हा ती आधी हसली. तिला वाटलं, हे चेष्टा करताहेत.

पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर साताऱ्याकडचे, आपल्यासारखं मराठी बोलणारे. त्यामुळे ऐकण्यात चूक व्हायला जागा नव्हती. "ताई, रक्तगट जुळतो, वय बसतं, तुमच्या मनाची तयारी आहे," ते म्हणाले. "पण तुमच्याच लिव्हरमध्ये बावीस टक्के चरबी आहे. असल्या लिव्हरचा तुकडा भावाला दिला तर तो त्याला पुरायचा नाही, आणि मागं उरेल ते तुम्हाला पुरायचं नाही. असा धोका आम्ही घेत नाही."

"पण मी तूप बी खात न्हाई सायेब. चरबी आली कुठनं?"

"मग काय खाता?"

"भात."

"आणि?"

रत्नानं आठवून पाहिलं. सकाळी उरल्या भाताला फोडणी, दुपारी बांधावर भात-आमटी, चार वाजता गोड चहा आणि बिस्किटं, सांजेला परत भात. "आन् भातच," ती म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. गरजेपेक्षा जास्त भात आणि साखर पोटात गेली की त्याचीही लिव्हरमध्ये चरबीच होते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "शहात्तर किलो आहात. अडुसष्टवर या. आठ आठवडे देतो. त्यापुढं मात्र भावाच्या तब्येतीचा भरवसा देता येणार नाही."

बाहेर बाकड्यावर पप्पू बसला होता. छत्तीस वर्षांचा गडी, सारोळ्याला हायवेच्या कडेला टायरचं दुकान. एका हातानं ट्रकचं चाक फिरवायचा. दारूचा थेंब कधी शिवला नव्हता. पण काय उलटं झालं कोण जाणे, त्याच्या शरीरानंच त्याच्या लिव्हरशी वैर धरलं, असं डॉक्टर म्हणायचे. डोळे हळद कालवल्यासारखे पिवळे, पोट टम्म आणि हातापायाच्या काड्या. आई-वडील दोघंही गेलेले. बायकोचा, सोनियाचा, रक्तगट जुळत नव्हता. उरली ती एकटी थोरली बहीण.

"आक्का, ऱ्हाऊ दे," पप्पू म्हणाला. "तुला तुझं घरदार हाय."

"गप बस. आठ किलोचं तर बाचकं मी एका हातानं उचलती."

बोलून गेली खरी. पण एसटीत खिडकीशी बसल्यावर तिला उमगलं. बाचकं उचलणं वेगळं आणि अंगातून काढून ठेवणं वेगळं.

*

दवाखान्यानं पथ्याचा कागद दिला होता आणि दर आठवड्याला वजन करायला भोरच्या आहारतज्ज्ञ शैलजाबाईंकडे जायला सांगितलं होतं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. पन्नाशीच्या, सडपातळ, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या बाई. पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून चेलाडी फाटा, तिथून भोर अशा तीन गाड्या बदलून रत्ना त्यांच्यापुढं जाऊन बसली.

"भात, भाकरी, चपाती, बटाटा, साखर, गूळ. यातलं दिवसाला फक्त अर्धी नाचणीची भाकरी," शैलजाबाई म्हणाल्या. "बाकी अंडी, मासे, कोंबडी, पनीर, ताक, मूठभर शेंगदाणे आणि पालेभाजी पोटभर."

"भात अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही. आणि आधीच सांगते, यात जादू काही नाही. वर्षभरानं पाहिलंत तर भात कमी करणारा आणि तेल कमी करणारा, दोघांचं वजन साधारण सारखंच उतरलेलं असतं. जो चिकाटी धरतो त्याचं उतरतं. पण आपल्याकडे वर्ष कुठंय? या वाटेनं सुरुवातीला वेग येतो, भूक दबते, आणि लिव्हरवरची चरबी लवकर हलते. म्हणून ही वाट. जन्मभरासाठी नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी, बनाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"भात न खाता माणूस जगतंय व्हय? आन् जगून कशापायी, तर पोट फाडून घ्यायला? पोरगी अजून लग्नाची हाय. उद्या तुला काय झालं तर?"

नवरा हनुमंत भिंतीला टेकून बसला होता. दात्याच्या नवऱ्याची संमती लागते, तो कागद रत्नानं त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "आधी वजन तर उतरू दे," एवढंच बोलला.

*

आणि नेमकी लावणी तोंडावर आलेली. गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवं राहायचं, आणि तेही बिनभाताचं.

दुपारी बांधावर डबे उघडले की इंद्रायणीच्या गरम भाताचा वास नाकात शिरायचा. रत्ना आपल्या डब्यातून दोन उकडलेली अंडी आणि टाकळ्याची भाजी काढायची. शेजारची सगुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बघा गं बायांनू, पिकवायचा भात आन् खायचा पाला!" बाया खिदळायच्या. रत्नाही हसायची, पण डोळे सगुणाबाईच्या ताटलीतून निघायचे नाहीत.

पहिल्या आठवड्यात काटा तीन किलोंनी खाली आला. रत्ना काट्यावरून उडी मारूनच उतरली. "असं असंल तर महिन्यात काम फत्ते!"

"थांबा," शैलजाबाई म्हणाल्या. "यातलं बरंचसं पाणी आहे. भात सुटला की शरीर साठवलेलं पाणी सोडतं. चरबी आता कुठं हलायला लागेल."

पण रत्नाच्या डोक्यात वेग शिरला होता. अर्ध्या भाकरीनं एवढं उतरतं, तर भाकरीच सोडली की किती उतरेल? तिनं अर्धी भाकरीही बंद केली. ताक आंबट लागतं म्हणून तेही सोडलं. चिखलात उभं असताना पाणी प्यायचं भान राहायचं नाही ते वेगळंच. दोन दिवस डोकं ठणकलं, तोंडाला कसला तरी गोडसर घाण वास यायला लागला, परसाकडचं सगळं अडून बसलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी मधल्या खाचरात तिच्या पोटरीत असा गोळा चढला की हातातली रोपांची जुडी सुटली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती चिखलात बसली ती उठेचना.

हनुमंतानं तिला उचलून बांधावर आणलं. चिखलानं माखलेला तिचा चेहरा स्वतःच्या टॉवेलनं पुसला. तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याला रागच यायचा. "भावाला वाचवाय निगालीस का आदी सोताच जायचं ठरीवलंस?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला भोरला घेऊन गेला. शैलजाबाईंनी तिला तपासायला शेजारच्या डॉक्टरांकडे धाडलं, रिपोर्ट पाहिले आणि मग झाप झाप झापलं. "मी अर्धी भाकरी लिहिली ती तुमच्यावर दया म्हणून नाही, गरज म्हणून. पाण्याबरोबर अंगातलं मीठही जातंय. तुम्हाला बीपी नाही, म्हणून सांगते, ताकात चांगलं मीठ घालून दिवसातून तीनदा प्यायचं. पालेभाजी वाढवा, पोट साफ होईल. मोबाईल पाहून आणि मनानं पथ्य करायचं नाही. आजारी दात्याला कुणी टेबलावर घेत नाही, रत्नाताई."

हे शेवटचं वाक्य रत्नाला लागलं. त्या दिवसापासून कागदावर होतं तेवढंच आणि तसंच. चार दिवसांत पोटऱ्या सुटल्या, डोकं हलकं झालं. आणि एक नवल घडलं. दुपारी बांधावर बसली असताना तिच्या लक्षात आलं की आज भूक लागलेली नाही. भाताचा वास येत होता, पण तो आता नुसता वास होता, हाक नव्हती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकाहत्तर. चढावर दम लागेना. हनुमंत कुणालातरी म्हणाला, "हिचं घोरणं बंद झालं राव. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा घरात शांतता हाय." पासलीभर ती गोष्ट झाली.

*

आणि मग काटा अडला.

चौथा आठवडा, एकाहत्तर. पाचवा, पुन्हा एकाहत्तर. शैलजाबाई म्हणाल्या, "असं होतं. शरीर अडून बसतं, आपण त्याच्यापेक्षा जास्त अडून बसायचं." पण त्याच दिवशी सोनियाचा फोन आला. पप्पूला पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. त्याला माणसं नीट ओळखू येत नव्हती. "वन्सं, किती ऱ्हायलं?" सोनियानं विचारलं. "तीन किलो," रत्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. चुलीजवळ पातेलं झाकलेलं. तिनं झाकण काढलं. मोकळा, पांढराशुभ्र, अजून वाफ धरलेला भात. उपाशी राहूनही काटा हलत नसेल तर उपाशी राहायचं कशाला? तिनं मूठभर भात उचलला. तोंडापाशी नेला.

"ठेव खाली."

दारात बनाबाई उभी होती. रत्नाला वाटलं, आता टोमणा येणार. म्हातारी पुढं आली, तिनं सुनेची मूठ आपल्या हातांनी उघडली, भात परत पातेल्यात टाकला आणि झाकण लावलं.

"एवढं दिस काढलंस ते या मुठीपायी घालवाय व्हय?" ती म्हणाली. आणि लुगड्याच्या पदरानं रत्नाचे डोळे पुसून बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बनाबाई ओढ्याला गेली आणि टोपलीभर खेकडे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी कुर्डूची रानभाजी, चौथ्या दिवशी भारंगीची. कुठल्या बांधाला काय उगवतं हे पासष्ट वर्षांच्या म्हातारीला पाठ होतं. खेकड्याचा रस्सा ती डाळीचं पीठ न लावता, नुसत्या वाटलेल्या लसूण-खोबऱ्याचा करायची आणि सुनेच्या ताटलीत आधी वाढायची. "ह्यात भात न्हाई ना? पीठ न्हाई ना? मग वरप गुमान."

रत्नाच्या लक्षात न आलेली गोष्ट एकच. म्हातारी स्वतः काय खातेय, ते.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला रत्ना रानातून परतली, तर बनाबाई सोप्यात खांबाला टेकून बसलेली. कपाळावरून घामाच्या धारा, हात थरथरताहेत. "आत्या, काय हुतंय?" तर म्हातारीनं तिला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. जीभ जड झाली होती. बनाबाईला साखरेचा आजार होता, गोळी रोजची चालू होती. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मागं एकदा सांगितलेलं रत्नाला आठवलं. घाम, थरथर, बरळणं म्हणजे साखर उतरली. घोट गिळता येत असेल तर लगेच साखर द्यायची.

तिनं पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि म्हातारीचं डोकं खांद्याला लावून घोट घोट पाजलं. दहा मिनिटं तिला दहा वर्षांसारखी गेली. मग बनाबाईनं डोळे नीट उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "लई गोड केलंस गं."

रत्ना हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "आत्या, सकाळी काय खाल्लंत?"

म्हातारीनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला.

"भात खाल्ला न्हाई?"

"पाच-सहा दिस झालं, न्हाई खाल्ला," बनाबाई म्हणाली. "माज्या म्होरं तू पाला खायाचा, आन् म्या भात गिळायचा व्हय? घशाखाली उतरंना. आन् वाटलं, तुझं येवढं चांगलं झालं, माजी बी साखर उतरंल."

"उतरली की! पार तळाला गेली."

त्याच दुपारी टेम्पो करून हनुमंत आणि रत्ना तिला भोरला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिची गोळी निम्म्यावर आणली आणि दोन वेळेला एकेक वाटी भात, शिवाय भाकरी ठरवून दिली. शैलजाबाई म्हातारीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, भात कमी केला तर तुमची साखरही सुधारेल, पण आधी गोळीचं गणित डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं. गोळी तीच ठेवून भात बंद करणं म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून धक्का मारणं. सुनेचं पथ्य सुनेला. तुमचं तुम्हाला."

परत येताना टेम्पोत बनाबाई बराच वेळ बाहेरची हिरवी खाचरं बघत होती. मग हनुमंताकडे न बघताच म्हणाली, "त्यो कागद हाय न्हवं देवळीत? घरी गेल्यावर सही कर."

हनुमंतानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"आज हिनं मला वडून आणलं," म्हातारी म्हणाली. "भावालाबी आणंल. ही बया आणल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

हनुमंतानं घरात पाऊल टाकल्यावर पायसुद्धा न धुता सही केली.

*

सातव्या आठवड्यात काटा हलला, आणि हलला तो घसरगुंडीवरून आल्यासारखा. एकोणसत्तर. आठव्या आठवड्यात सदुसष्ट आणि सहाशे ग्रॅम. शैलजाबाईंनी काटा पुसून पुन्हा उभं केलं. तेवढंच. त्यांनी चष्मा काढला आणि एवढ्या शिस्तीच्या बाईनं पेशंटला मिठी मारली.

पण खरी परीक्षा पुण्यात होती. मशीनच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर रत्ना त्याच बाकड्यावर बसली. शेजारी हनुमंत. डॉक्टर बाहेर आले ते कागद हातात नाचवतच.

"ताई, सात!"

"सात काय?"

"सात टक्के. बावीसवरून सात. मी माझ्या सगळ्या जुनिअरना बोलावून तुमचे फोटो दाखवले. म्हटलं, हे बघा, वेल्ह्याच्या बाईनं लावणी करत करत काय केलंय ते."

हनुमंत, जो कधी चारचौघांत बायकोशी मोठ्यानं बोलला नव्हता, तो उठून उभा राहिला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "माजी बायको हाय ती!"

पुढचे दहा दिवस अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत, कागदपत्रं, तपासण्या यात गेले. खर्चाची बाजू मदतनिधीनं आणि सोनियाच्या माहेरानं सावरली होती. ऑगस्ट संपता संपता, एका सोमवारी सकाळी बहीण आणि भाऊ शेजारशेजारच्या खोल्यांत गेले. बाहेर बनाबाई मांडी घालून बसली होती. अकरा तास ती जागची हलली नाही. फक्त वेळच्या वेळी तिनं डबा उघडून आपली ठरलेली वाटी खाल्ली, कारण सुनेनं आत जाताना तसं वचन घेतलं होतं.

रत्नाला शुद्ध आली तेव्हा पोटावर आग होती, घशाला कोरड होती आणि काचेपलीकडून सोनिया दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं काहीतरी करत होती. आवाज येत नव्हता. पण ते हात बघून रत्नाला सगळं कळलं. तिनं डोळे मिटले आणि पोटातली आग तिला गोड वाटली.

पाचव्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून भावाच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. पप्पूनं मान वळवली. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा होता.

"आक्का," तो बारीक आवाजात म्हणाला, "मला भूक लागलीया."

आठ महिन्यांत त्याच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

*

आता हे सगळं झालं म्हणून रत्ना भाताची वैरी झाली असं नाही. ऑपरेशननंतर तिच्या लिव्हरला वाढायचं होतं, त्याला सगळ्या प्रकारचं अन्न लागत होतं. डॉक्टरांनी वाटीभर भात चालू केला. पहिला घास तोंडात गेला तेव्हा ती बराच वेळ नुसती चावत राहिली. दिवाळीपर्यंत अडीच किलो परत आले. तिला वाईट वाटलं, पण शैलजाबाई म्हणाल्या, "थोडं परत येतंच. सगळं परत येऊ द्यायचं नाही, एवढं बघा." रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल मात्र त्या आठ आठवड्यांत थोडं चढलं होतं, म्हणून अंडी कमी करून मटकी-मूग वाढवले. चहातली साखर गेली ती कायमची.

गावातल्या बाया आता तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या. सगळ्यांत आधी आली ती सगुणाबाई. "मला बी सांग की गं तुझं ते पाल्याचं."

"सांगती. पर आदी रक्त तपासून ये. गोळ्या कुठल्या घेतीस ते डॉक्टरला दाव. मगच."

"एवढं कशाला? तू तर आठ आठवड्यांत—"

"मला आठच आठवडं व्हतं, सगुणाबाई. तुला सगळा जलम हाय. सावकाश कर."

कार्तिकात झोडणी चालू होती. खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा धपाधप आवाज, उन्हात उडणारा कोंडा. एकदम बायांचे हात थांबले. खालच्या वळणावर भाड्याची जीप थांबली होती आणि चढावरून दोन माणसं येत होती. पुढं सोनिया, मागं तोंडाला मास्क लावलेला पप्पू. कुणाचा हात न धरता, कुठं न थांबता तो चढ चढत होता. रत्ना पेंढी टाकून धावत सुटली आणि अर्ध्या वाटेवर अडली. मिठी मारावी की नको, हे तिला कळेना.

"पुण्याच्या सायबानं सांगितलंय, गर्दीत जायचं न्हाई," पप्पू म्हणाला. "पर बहिणीच्या घरी जायाला त्यानं ना केली न्हाई."

तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल भरले होते. मागून बनाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं आली. दोघा बहीण-भावांना तिनं शेजारी उभं केलं, तुकडा दोघांवरून तीनदा ओवाळला, लांब शेतात भिरकावला, आणि खळ्यावरच्या बायांकडे वळून म्हणाली, "बघताय काय नुसतं? वाजवा की टाळ्या!"

खळ्यावर टाळ्यांचा पाऊस पडला.